ऑफिसचे पासवर्ड स्वतःच्या सर्व्हरवर: किल्ली कुलुपाच्या आत ठेवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीतलं करसल्लागारांचं कार्यालय, १८ माणसं, त्यांतले सहा-सात आर्टिकल्स, म्हणजे सीए साहेबांच्या हाताखाली शिकणारी मुलं. जीएसटी, इन्कम टॅक्स, ट्रेसेस (टीडीएसचं), एमसीए (कंपन्यांचं) ही सरकारी पोर्टलं धरून क्लायंटांचे साडेतीनशेवर पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये, आणि ती शीट ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. मागच्या महिन्यात एक जण सोडून गेला, शीट त्याच्या फोनमध्ये तशीच राहिली, तेव्हा साहेबांना जाग आली. आता डॉकरवर, म्हणजे प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत (कंटेनरांत) चालवणाऱ्या सोयीवर, स्वतःचा पासवर्ड मॅनेजर बसवायचा आहे. कोणता घ्यावा, आणि माणसं चुकतात कुठे?

मी अशी पाच-सहा छोटी ऑफिसं सांभाळतो. कंटेनर चालू करणं हा यातला सगळ्यात हलका भाग. वीस मिनिटांत लॉगिनचं पान दिसतं आणि बहुतेक जण तिथेच ग्रुपवर लिंक टाकून मोकळे होतात. त्यानंतरचे दोन दिवस कुणी देत नाही. म्हणून मी जास्त बोलणार आहे ते त्या दोन दिवसांबद्दल.

आधी एक अप्रिय गोष्ट सांगून टाकतो. या सर्व्हरची जबाबदारी नावानिशी घेणारा माणूस तुमच्याकडे नसेल, तर या वाटेला जाऊ नका. बिटवॉर्डन या तयार पासवर्ड मॅनेजरची वर्गणी भरा आणि निवांत राहा. ‘आमचा भाचा बघतो अधूनमधून’ यावर साडेतीनशे क्लायंटांचे पासवर्ड ठेवायचे नसतात.

माणूस आहे असं धरून पुढे जाऊ. स्वतः बसवायचा बिटवॉर्डनचा नेहमीचा अधिकृत सर्व्हर म्हणजे कंटेनरांचं अख्खं बिऱ्हाड, सोबत मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस. किमान २ जीबी रॅम हवी, ४ असली तर बरं. वॉल्टवॉर्डन हा त्याच सर्व्हरचा रस्ट भाषेत नव्यानं लिहिलेला मुक्त अवतार. २०२१ पर्यंत त्याचं नाव बिटवॉर्डन-आरएस होतं. एकच कंटेनर, आत एसक्यूलाइट डेटाबेस, आणि फोनवर नि ब्राउझरमध्ये बिटवॉर्डनचीच नेहमीची ॲप चालतात. माझ्याकडे वीसेक माणसांचा एक चालतो, तो १ जीबीच्या मशीनवर इतर कामांच्या जोडीनं आरामात बसलाय. तिसरा पर्याय पासबोल्ट, त्याचं घडणच टीमसाठी आहे. ते लक्झेंबर्गमधल्या कंपनीचं, ओपनपीजीपी या किल्ल्यांच्या जोडीनं कुलूप लावायच्या पद्धतीवर उभं. प्रत्येकाची खाजगी किल्ली त्याच्याच यंत्रावर, आणि एखादा पासवर्ड पाच जणांना दिला तर तो पाच वेळा वेगवेगळा कुलूपबंद होतो. रचना मला मनापासून आवडते. पण तिथे मेल चालणं सक्तीचं, मारियाडीबी हा वेगळा डेटाबेस सांभाळायचा, आणि नव्या लॅपटॉपवर खातं उघडायला रिकव्हरी किटची फाइल हवी. आर्टिकल्स लॅपटॉप फॉरमॅट करतात तेव्हा ती फाइल डाउनलोड्समध्येच असते. तुम्ही वॉल्टवॉर्डन घ्या.

मशीन कुठे ठेवायचं? ऑफिसातला जुना डेस्कटॉप हा सगळ्यांच्या डोक्यात येणारा पहिला विचार. चालतो, पण एक किस्सा ऐका. एका ऑफिसात असाच डेस्कटॉप होता. मदरबोर्डवरचा सेल संपलेला. रात्री वीज गेली, यूपीएसनं मान टाकली, सकाळी मशीन उठलं ते थेट काही वर्षं मागच्या तारखेला. कंटेनरला स्वतःचं घड्याळ नसतं, तो यजमान मशीनचंच घड्याळ बघतो. त्यामुळे ऑथेंटिकेटरचे, वेळेवरून बनणारे सहा आकडे सगळ्यांचेच चुकीचे ठरायला लागले, आणि सकाळी साडेदहाला माझा फोन वाजायला लागला. वीस रुपयांचा सेल. डेस्कटॉप वापरणारच असाल तर सेल बदला, वेळ नेटवरून जुळते ना ते पाहा, आणि यूपीएस बरा घ्या. शिवाय घरगुती ब्रॉडबँडला बहुधा स्वतःचा पब्लिक आयपी नसतो, त्यामुळे बाहेरून पोचायला वेगळी सोय लागते. मला विचाराल तर मुंबईतल्या डेटा सेंटरमधला छोटा भाड्याचा सर्व्हर परवडतो.

आता कंपोज फाइल, म्हणजे कोणता कंटेनर कसा चालवायचा हे डॉकरला सांगणारी फाइल. इंटरनेटवर तयार मिळते ती जशीच्या तशी चिकटवू नका. त्यातल्या काही ओळी नीट बघा.

पहिली म्हणजे पोर्ट, मशीनमध्ये शिरायचं नंबराचं दार. पोर्ट ‘८०८०:८०’ असा उघडला की डॉकर फायरवॉलमध्ये स्वतःची वाट पाडतो, आणि उबुंटूवरचा यूएफडब्ल्यू हा फायरवॉल ‘सगळं बंद आहे’ असं सांगत असतानाही तो पोर्ट जगाला उघडा असतो. यूएफडब्ल्यूचे नियम मशीनवर उतरणाऱ्या वाहतुकीला लागतात. डॉकर ती मशीनवर उतरू न देता परस्पर कंटेनरकडे वळवतो. म्हणून वॉल्टवॉर्डनचा पोर्ट बाहेर काढूच नका. पुढे कॅडी या वेब सर्व्हरचा कंटेनर उभा करा, दोघांना एका डॉकर नेटवर्कवर ठेवा, बाहेर फक्त कॅडी दिसू दे. कॅडी एचटीटीपीएससाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र स्वतः आणतो आणि मुदत संपण्याआधी स्वतः नवं करतो. एचटीटीपीएस इथे ऐच्छिक नाही. पासवर्डांचं सगळं कुलूपकाम ब्राउझरमध्ये होतं, आणि साध्या एचटीटीपीवर ब्राउझर ती सोयच देत नाही. ‘पान उघडतं पण खातं तयार होत नाही’ या तक्रारीचं कारण बहुधा हेच निघतं.

दुसरी म्हणजे डेटाचं फोल्डर. ते मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर हवं. ऑफिसात नॅस (नेटवर्कवरची सामायिक डिस्क) आहे म्हणून त्याच्या शेअरवर ठेवायचा मोह होतो. एसक्यूलाइट इथे ज्या पद्धतीनं लिहितं ती नेटवर्कवरच्या डिस्कवर धड चालत नाही, आणि डेटाबेस बिघडतो तेव्हा तो तुम्हाला विचारून बिघडत नाही. नॅसवर बॅकअप पाठवा.

तिसरी, सगळ्यांना चकवणारी: ॲडमिनचं पान. त्या पानावर एकदा ‘सेव्ह’ दाबलं की सगळ्या सेटिंग्ज डेटा फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहिल्या जातात, आणि तिथून पुढे कंपोजमधल्या ओळींपेक्षा त्या फाइलचा शब्द मोठा. मग तुम्ही कंपोजमध्ये नवी नोंदणी बंद करता, कंटेनर पुन्हा उठवता, आणि नोंदणी चालूच. मी स्वतः यावर एक अख्खी दुपार घालवलीय. माझी सवय आता अशी: सगळं कंपोजमध्ये लिहायचं आणि ॲडमिन टोकन (त्या पानाचा पासवर्ड) द्यायचंच नाही, टोकन नसेल तर ते पान बंदच राहतं. तुम्हाला पान हवंच असेल तर टोकन साध्या अक्षरांत न ठेवता वॉल्टवॉर्डनच्याच हॅश हुकुमानं आर्गॉन-२ या न उलटणाऱ्या रूपात (हॅशमध्ये) बदलून ठेवा. त्या हॅशमध्ये डॉलरची चिन्हं येतात, आणि कंपोज फाइलमध्ये प्रत्येक डॉलर दोनदा लिहावा लागतो. एकदाच लिहिला तर टोकन अर्धवट पोचतं आणि तुम्ही आपला पासवर्ड चुकतोय म्हणून डोकं धरून बसता.

नोंदणी बंद, आमंत्रणं चालू, डोमेनचा पूर्ण पत्ता एचटीटीपीएससकट, इमेजला (कंटेनर ज्यातून उठतो त्या साच्याला) ‘लेटेस्ट’ न लिहिता नेमका आवृत्ती क्रमांक, डॉकरच्या लॉग फाइलला आकाराची मर्यादा. एवढं झालं की कंपोज संपली. लॉगच्या मर्यादेकडे दुर्लक्ष करू नका. डॉकर आपणहून ती घालत नाही, आणि डिस्क भरली की डेटाबेस लिहायचा थांबतो.

हे जगाला उघडं ठेवायचं का? माझं मत: नको. वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे ऑफिसपुरती खाजगी वाट, बसवा, प्रत्येकाच्या फोनवर नि लॅपटॉपवर एकेक प्रोफाइल द्या. क्लायंटकडे गेलेल्या मुलाचं काय, असं साहेब विचारतील. बिटवॉर्डनचं ॲप शेवटची जुळवलेली प्रत कुलूपबंद करून यंत्रावर ठेवतं, त्यामुळे सर्व्हर दिसत नसला तरी आधी लॉगिन केलेल्या फोनवर जुने पासवर्ड वाचता येतात. नवं लिहिता येत नाही, इतकंच. व्हीपीएनच्या आतही एचटीटीपीएस लागतंच, तेव्हा प्रमाणपत्र डीएनएस पद्धतीनं, म्हणजे डोमेनच्या नोंदीतून मालकी सिद्ध करून, घ्या. त्याला बाहेरून एकही पोर्ट उघडावा लागत नाही. कॅडीच्या साध्या इमेजमध्ये तुमच्या डीएनएस कंपनीचं प्लगइन नसतं, ते घालून इमेज बांधून घ्यावी लागते. आणि एक बारकावा: प्रमाणपत्र घेतलेलं प्रत्येक नाव सार्वजनिक नोंदवहीत कायमचं चढतं. ‘पासवर्ड डॉट अमुक’ असं नाव ठेवलंत तर पाटीच लावलीत. वाइल्डकार्ड (डोमेनखालच्या सगळ्या नावांना चालणारं) प्रमाणपत्र घ्या, किंवा नाव काहीतरी निरुपद्रवी ठेवा. माझ्या एका सर्व्हरचं नाव ‘फडताळ’ आहे.

व्हीपीएन न घेता उघडंच ठेवणार असाल तर फेल-टू-बॅन (पुन्हापुन्हा चुकणाऱ्या आयपीवर बंदी घालणारं) लावाल. तेव्हा वॉल्टवॉर्डनच्या लॉगमध्ये खरा आयपी येतो की कॅडीच्या कंटेनरचा, ते आधी बघा. कॅडीचा येत असेल तर एखाद्यानं चार वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की कॅडीवरच बंदी येते, म्हणजे सगळं ऑफिस दाराबाहेर.

आता बॅकअप. इथे घाई करू नका.

डेटा फोल्डरमध्ये काय काय असतं ते माहीत हवं. एसक्यूलाइटची मुख्य फाइल, तिच्या शेजारी ‘वॉल’ नावाची फाइल, जोडलेल्या कागदांचं फोल्डर, सेंड या फाइल पाठवण्याच्या सोयीचं फोल्डर, लॉगिन टिकवणारी एक आरएसए किल्ली, आणि झालीच असेल तर ती कॉन्फिग फाइल. नुकतं लिहिलेलं काही काळ वॉल फाइलमध्येच असतं. म्हणून कंटेनर चालू असताना मुख्य फाइल नुसती कॉपी केली तर कधी ताजे बदल गायब, कधी फाइलच फुटकी. एसक्यूलाइटचा स्वतःचा बॅकअप हुकूम वापरा, तो चालू डेटाबेसची सुसंगत प्रत काढतो. नव्या आवृत्त्यांत वॉल्टवॉर्डनलाही बॅकअपचा हुकूम आहे, पण तो फक्त डेटाबेसपुरता. जोडलेले कागद तुम्हालाच उचलायचे आहेत. आरएसए किल्ली हरवली तर आभाळ कोसळत नाही, सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावं लागतं एवढंच.

हे सगळं रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमनं रोज रात्री कुलूपबंद करून दोन ठिकाणी पाठवा, एक ऑफिसच्या नॅसवर आणि एक शहराबाहेर. पासवर्ड आधीच कुलूपबंद आहेत, मग बॅकअपला पुन्हा कुलूप कशाला, असा प्रश्न येतो. कॉन्फिग फाइलमध्ये मेलचा पासवर्ड उघडा असतो, डेटाबेसमध्ये माणसांचे ईमेल आणि संस्थेचं नाव उघडं असतं. शिवाय २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरचं काय झालं ते आठवा. चोरांनी ग्राहकांच्या व्हॉल्टचे (पासवर्डांच्या तिजोऱ्यांचे) बॅकअप उचलले. आतले पासवर्ड कुलूपबंद होते, पण साइटचे पत्ते उघडे होते, आणि बऱ्याच जुन्या खात्यांवर मास्टर पासवर्ड (व्हॉल्ट उघडणारा मुख्य पासवर्ड) घोटवण्याच्या फेऱ्या, ज्या जितक्या जास्त तितका तो अंदाजानं फोडणं कठीण, फारच कमी होत्या. बिटवॉर्डनच्या रचनेत साइटचा पत्ताही कुलुपातच असतो आणि फेऱ्या आता आपोआप ६,००,००० धरल्या जातात. तरीही चोरीला गेलेली प्रत चोर कितीही वर्षं, कितीही वेळा उघडून बघू शकतो. तेव्हा मधे उभा असतो तो फक्त माणसाचा मास्टर पासवर्ड.

त्यासाठी चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत लिहा असं मी सांगायचो. कल्पना चांगली, फक्त ‘झारा’ आपण झेडनं लिहिला होता की जे-एचनं, हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही. ज्याचं स्पेलिंग एकच होऊ शकतं असे शब्द निवडा. म्हणी आणि अभंगाच्या ओळी नकोत.

बॅकअप घेतला म्हणजे झालं असं नाही. तो दुसऱ्या मशीनवर उठला पाहिजे. हे ऑफिसला लिंक देण्याआधी करायचं. कोराच लॅपटॉप घ्या, डॉकर टाका, बॅकअप उतरवा. जागेवर जुनी वॉल फाइल पडलेली असेल तर आधी ती उडवा, नाहीतर नव्या डेटाबेसला जुन्याची शेपटी लागते. लोकलहोस्टला ब्राउझर सुरक्षित मानतो, म्हणून या तालमीला प्रमाणपत्र लागत नाही. डोमेनच्या ओळीत मात्र लोकलहोस्टचा पत्ता टाका, नाहीतर जोडलेले कागद उघडताना तो खऱ्या सर्व्हरकडे धावेल. दोन खात्यांनी लॉगिन करा, एक पासवर्ड वाचा, एक पीडीएफ उघडा. घड्याळ लावून बघा किती वेळ लागला. पहिल्यांदा मला चार तास लागले होते, आणि त्यातले तीन रेस्टिकचा पासवर्ड शोधण्यात गेले.

तो पासवर्ड होता व्हॉल्टमध्ये. ज्या व्हॉल्टचा तो बॅकअप, त्याच व्हॉल्टमध्ये.

ही चूक फार सहज होते, कारण सगळं व्हॉल्टमध्ये ठेवा असंच आपण सगळ्यांना सांगत असतो. सर्व्हर मेला तर तो परत उभा करायला काय काय लागेल याची यादी करा: भाड्याच्या सर्व्हरचं लॉगिन, डोमेन आणि डीएनएसचं लॉगिन, रेस्टिकचा पासवर्ड, बॅकअपच्या जागेचं लॉगिन, ज्या मेलवर या सगळ्यांचे ओटीपी येतात त्याचा पासवर्ड, कंपोज फाइलची छापील प्रत, आणि मालक-खात्यांचे टू-स्टेपचे रिकव्हरी कोड. हे व्हॉल्टमध्येही ठेवा, पण कागदावर छापून बंद पाकिटात साहेबांच्या तिजोरीतही ठेवा, आणि दुसरी प्रत बँकेच्या लॉकरमध्ये. सहा महिन्यांनी पाकीट उघडून तपासा. सीएच्या ऑफिसला कागद जपायला शिकवावं लागत नाही, हा तुमचा फायदा आहे.

माणसांकडे येऊ. वॉल्टवॉर्डनमध्ये ऑफिसच्या नावानं जी ‘संस्था’ उघडायची तिला मालक दोन हवेत, एक साहेब आणि एक तुम्ही. एकच असेल आणि तो मास्टर पासवर्ड विसरला, तर सर्व्हरवर सगळे अधिकार (रूट) असूनही तुम्ही काही करू शकत नाही, कारण सर्व्हरकडे किल्लीच नाही. संस्थेच्या धोरणांत खातं परत मिळवण्याची सोय आहे, मालक सदस्याचा मास्टर पासवर्ड बदलून देऊ शकतो. पण ती आधी चालू करून सदस्यांना तीत आणलेलं असावं लागतं. विसरल्यानंतर उपयोग नाही.

नवा माणूस आणताना तीन पायऱ्या असतात: तुम्ही आमंत्रण देता, तो स्वीकारतो, मग तुम्ही त्याला पक्का करता. तिसरी पायरी सगळे विसरतात. त्या क्षणी तुमचा ब्राउझर संस्थेची किल्ली त्या माणसाच्या सार्वजनिक किल्लीनं बंद करून त्याला देतो. तोवर त्याला व्हॉल्ट रिकामाच दिसतो आणि तो म्हणतो, ‘सर, यात काहीच नाही.’

कलेक्शन (संस्थेतले नोंदींचे कप्पे) पोर्टलप्रमाणे न करता क्लायंटांच्या गटाप्रमाणे करा, म्हणजे जो मुलगा ज्या क्लायंटांचं काम बघतो तेवढंच त्याला दिसेल. वॉल्टवॉर्डनमधली ग्रुपची सोय मुळात बंद असते आणि अजून कच्ची समजली जाते. १८ माणसांना तिची गरज नाही. नोंदींची नावं क्लायंटच्या नावानं सुरू करा, ‘पाटील ट्रेडर्स – जीएसटी’ अशी. नाहीतर जीएसटी पोर्टल उघडल्यावर ॲप दीडशे नोंदी एकाखाली एक दाखवेल आणि सगळ्यांची नावं ‘जीएसटी’. चुकीच्या क्लायंटच्या खात्यात रिटर्न भरायला एवढं पुरतं.

‘पासवर्ड लपवा’ असा एक पर्याय दिसेल. त्यावर विसंबू नका. पासवर्ड पोरांच्या ब्राउझरपर्यंत पोचतोच, आणि ज्याला बघायचाच आहे तो बघतो. माणूस सोडून गेला की त्याला संस्थेतून काढा, आणि त्याच्या कलेक्शनमधले पासवर्ड बदला. दुसरं काम कंटाळवाणं आहे म्हणून टाळलं जातं, तेवढं टाळू नका. खाजगी व्हॉल्टमध्ये ऑफिसच्या नोंदी ठेवायला धोरणानं बंदी घाला, नाहीतर कामाचे पासवर्ड माणसाबरोबरच जातात. कुणी कधी काय केलं त्या घटनांची नोंदही मुळात बंद असते, ती चालू करा.

अपडेटचं म्हणाल तर फोनमधली ॲप आपोआप नवी होत राहतात, सर्व्हर जुनाच राहिला की एक दिवस त्यांचं एकमेकांशी पटेनासं होतं. २०२४ मध्ये जर्मनीच्या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेनं वॉल्टवॉर्डनचा कोड तपासून घेतला होता, त्यात गंभीर त्रुटी निघाल्या आणि त्या दुरुस्त झाल्या. दुरुस्ती मिळाली ती अर्थात अपडेट करणाऱ्यांना. आपोआप अपडेट करणारे कंटेनर मात्र मी इथे लावत नाही. नवी आवृत्ती उठताना डेटाबेसची रचना बदलते, आणि मग जुनी इमेज लावून मागे फिरता येईलच असं नाही. महिन्यातून एक शनिवार: बदलांची टिपणं वाचायची, बॅकअप घ्यायचा, क्रमांक बदलायचा, उठवायचं.

राहिली ती एक्सेल. सीएसव्ही करून आयात होते, अर्ध्या तासाचं काम. नंतर ती सीएसव्ही डाउनलोड्समधून, रिसायकल बिनमधून आणि नॅसच्या बॅकअपमधून काढा. व्हॉट्सॲपवर गेलेली प्रत काही काढता येत नाही, तेव्हा शीटमधला प्रत्येक पासवर्ड फुटलेला आहे असंच धरून चालायचं. सगळे एका दिवशी बदलणं होणार नाही, कारण बऱ्याच पोर्टलांचा ओटीपी क्लायंटच्या मोबाइलवर जातो आणि क्लायंट शेतात किंवा लग्नात असतो. सोडून गेलेला मुलगा ज्यांचं काम बघायचा त्यांच्यापासून सुरुवात करा, रोज दहा. आणि ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी, या रिटर्नांच्या धावपळीत नवं काही सुरू करू नका. २१ ला मुहूर्त धरा, म्हणजे पुढच्या ११ च्या आत दोनशे तरी हातावेगळे होतील.